मंत्र कुणाचा, भार कुणावर



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मुलांच्या विभागातलं अद्भुतकथांचं कपाट कधी कुलपात ठेवलं नाही. यक्ष-राक्षसांच्या आणि जादूगारांच्या गोष्टी म्हणजे वेळ वाया घालवणं, असं मानणाऱ्या पालकांशी ते शांतपणे वाद घालत. म्हणून आज मी तोच विषय घेतला आहे. कल्पित जगांत माणसं जादू करतात, तेव्हा मागाहून काय होतं आणि ते कुणाला भोगावं लागतं? माझं लक्ष या प्रश्नाच्या उत्तरार्धावर आहे. जादूची किंमत किती, हे अद्भुतकथा लिहिणारे बहुतेक लेखक सांगतात. ती कुणाच्या अंगावर पडते हे सांगताना मात्र लेखकाचा कस लागतो.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करतो. कच-देवयानीची कथा आदिपर्वातली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ लिहिलं आणि ती मराठी रंगभूमीवर घरोघरची झाली. दानवांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या. ती मिळवायला देवांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला त्यांच्याकडे शिष्य म्हणून पाठवला. दानवांना हे कळलं, तेव्हा त्यांनी गुरं राखायला गेलेल्या कचाला रानात मारलं, तुकडे केले आणि लांडग्यांना घातले. संध्याकाळी गाई एकट्याच परतल्या. देवयानीनं वडिलांकडे हट्ट धरला, शुक्राचार्यांनी विद्येच्या बळावर हाक मारली आणि कच आला. कसा आला? महाभारताच्या प्रचलित पाठात तो लांडग्यांची शरीरं फाडून बाहेर पडतो.

या लांडग्यांकडे आपण पाहतच नाही. कीर्तनात, नाटकात, शाळेच्या पुस्तकात गोष्ट त्यांना ओलांडून पुढे जाते. पण संजीवनीचा पहिला भार त्यांनी उचलला. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं, समोर टाकलेलं मांस खाल्लं होतं. विद्या शुक्राचार्यांची, हट्ट देवयानीचा, जीव कचाचा आणि पोट फाटलं लांडग्यांचं. महाभारतकारांनी हा तपशील एका ओळीत सांगितला आणि त्यावर काही भाष्य केलं नाही. मला मात्र त्या ओळीशी थांबावंसं वाटतं.

पुढे हाच प्रसंग शुक्राचार्यांच्या पोटात घडतो. दानव कचाला जाळतात आणि राख मद्यात कालवून खुद्द गुरूंनाच पाजतात. आता कचाला हाक मारायची तर पोट फाटणार ते स्वतःचं. इतके दिवस संजीवनी चालवायला शुक्राचार्यांना काही द्यावं लागलं नव्हतं. तोच हिशेब स्वतःवर आला तेव्हा त्यांनी वाट काढली. पोटातल्या कचाला विद्या शिकवली, कच बाहेर आला आणि त्यानं मेलेल्या गुरूंना उठवलं. उठल्यावर शुक्राचार्यांनी दोष दिला तो मद्याला, आणि ब्राह्मणांना मद्यपानाची बंदी घातली. खाडिलकरांच्या नाटकानं हाच धागा उचलला, मद्यपानाच्या दुष्परिणामांचा. त्यांच्या काळाला तो हवा होता. पण मूळ कथेत भार तिथे थांबत नाही.

कच परत निघतो. देवयानी त्याला लग्नाचं विचारते, तो नकार देतो: आपण दोघं एकाच पोटातून आलो, तू माझी बहीण. म्हणजे विद्येच्या वापरातूनच ते नातं तयार झालं आणि त्यानंच देवयानीचा मार्ग बंद केला. ती शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल, आणि तुला कुणी ऋषिपुत्र वरणार नाही. मग देवयानी ययातीकडे जाते, शर्मिष्ठा तिची दासी होते, ययाती शर्मिष्ठेशी गुप्तपणे संसार करतो, आणि शुक्राचार्यांचा शाप राजाला अकाली म्हातारा करतो. हा म्हातारपणाचा भार दुसऱ्याला देता येतो, एवढी सवलत शापात असते. बाप मुलांकडे हात पसरतो. यदू नाही म्हणतो आणि त्याच्या वंशाचं राज्य जातं. धाकटा पुरू होकार देतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली यावर कादंबरी लिहिली, १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळालं आणि मराठी वाचक ‘ययाती’ हे भोगाच्या अतृप्तीचं पुस्तक म्हणून वाचू लागले. ते आहेच. पण आपली तारुण्याची हौस मुलाच्या वर्षांवर भागवणारा बाप ही त्या कथेतली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट आहे. जादूचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येतं, हे तिथे उघड लिहिलेलं आहे.

आता विसाव्या शतकातल्या इंग्रजी अद्भुतकथेकडे वळतो, कारण जादूच्या परिणामांचा सर्वांत कसून विचार तिथे झाला. जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मध्ये सूर्य विझत आलेली पृथ्वी आहे. तिथले मांत्रिक मोठ्या कष्टानं चार-सहा मंत्र डोक्यात साठवतात. मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो, पुन्हा ग्रंथ उघडून बसावं लागतं. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानं ही कल्पना उचलली आणि तिथून ती संगणकावरच्या असंख्य खेळांत गेली. एवढा मंत्र वापरला की एवढी शक्ती कमी, थोडी झोप घेतली की भरून निघाली. खेळासाठी हे ठीक आहे, नाहीतर खेळाडू पहिल्याच फेरीत सगळं जिंकेल. पण कथेत अशा किमतीला मी किंमत मानत नाही. जे झोपून भरून येतं त्यानं माणूस बदलत नाही, आणि शेजाऱ्याला तर त्याची खबरही लागत नाही.

शेजाऱ्याला खबर लागते ती अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसीत. या लेखिकेवर माझं विशेष प्रेम आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. १९२९ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला जन्म, वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. लाओत्सेचं ताओ ते चिंग ले ग्विनबाईंनी आयुष्यभर वाचलं आणि १९९७ साली त्याची स्वतःची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१८ साली त्या गेल्या. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ सालचं. शेकडो बेटांचं जग, आणि गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक शेळ्या राखणारा पोरगा, गेड.

या पुस्तकात जादूचे परिणाम पायरीपायरीनं वाढत जातात. गावावर लुटारू येतात तेव्हा गेड धुक्याचा मंत्र म्हणतो, गाव झाकलं जातं, लुटारू वाट चुकून कड्यावरून कोसळतात. पोराची मात्र वाचा बसते. त्याला खाणंपिणं, झोप काही सुचत नाही, नुसता बघत राहतो. ही पहिली पायरी: ताकदीबाहेर खर्च केलं, भार स्वतःवर आला. ओगिअन नावाचा मोठा मांत्रिक येऊन त्याला बरं करतो आणि शिष्य म्हणून घेऊन जातो.

ओगिअनबरोबर गेड डोंगरातून चालतो आणि पाऊस येतो. पाऊस बाजूला सारण्याचा मंत्र अर्थसीतल्या कुठल्याही साध्या हवामान-मांत्रिकाला येतो. ओगिअन तो म्हणत नाही. झाडाखाली अंग चोरून पडून राहतो, भिजतो. गेडला राग येतो: गुरूकडे एवढी विद्या आहे तर ती वापरायची नाही कशाला? पुढे रोक बेटावरच्या विद्यापीठात त्याला कारण कळतं. इथला पाऊस ढकलला तर तो कुठेतरी जाणारच, इथे पाडला तर कुठेतरी पडायचा राहणार. दुष्काळी तालुक्यात एकानं आठशे फुटांची बोअर घेतली की शेजारच्या विहिरीचा तळ दिसतो, तसाच हा प्रकार. ओगिअन भिजतो, कारण त्याला दूरच्या बेटावरचं, त्यानं कधी न पाहिलेलं शेत दिसत असतं. अख्ख्या अद्भुत साहित्यात मला या प्रसंगाहून मोठा प्रसंग ठाऊक नाही, आणि त्यात घडत काहीच नाही.

रोकवर मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली जाते. एका बेटावरच्या मांत्रिकाला अस्वलाचं रूप घ्यायला आवडे. तो ते वारंवार घेऊ लागला. हळूहळू अस्वल वाढलं, माणूस आतल्या आत मेला. रानात त्यानं आपल्याच लहान मुलाला मारलं आणि मग लोकांनी त्याची शिकार केली. रूपांतराचा दुष्परिणाम म्हणून आत्मविस्मृती सांगणाऱ्या कथा जगभर आहेत. ले ग्विनबाई तिथे थांबत नाहीत, मुलगा मेला हे सांगतात.

आणि मग गेडचा गर्व. एका सहाध्यायाला दाखवण्यासाठी तो मृतांच्या जगातून एका राणीला बोलावतो. जगाला चीर पडते आणि तिच्यातून एक काळी सावली बाहेर येते. त्याचा चेहरा ओरबाडला जातो, ते व्रण आयुष्यभर राहतात. पण ती चीर मिटवतो कोण? विद्यापीठाचा वृद्ध महामांत्रिक नेमर्ल. आपली सगळी शक्ती घालून तो ती मिटवतो आणि त्यातच मरतो. मुलाच्या फुशारकीसाठी म्हातारा जातो. पुरूच्या कथेत तरुण म्हाताऱ्याचं भोगतो, इथे म्हातारा तरुणाचं. दोघांनी ते आपणहून घेतलं हे खरं. पण नेमर्लकडे कुणी मागितलं नव्हतं आणि पुरूकडे बापानं मागितलं होतं. हा फरक मी लहान मानत नाही.

अर्थसीच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक, ‘द अदर विंड’, २००१ साली आलं. त्यात ले ग्विनबाईंनी जे केलं त्याला लेखक म्हणून मोठं धैर्य लागतं. पहिल्या पुस्तकापासून अर्थसीत मेलेली माणसं एका कोरड्या, अंधाऱ्या प्रदेशात जातात. दगडांची एक बुटकी भिंत, पलीकडे न हलणारे तारे, आणि तिथे आई मुलाला ओळखत नाही, प्रियकर प्रेयसीला ओळखत नाही. वाचकानं तेहतीस वर्षं हे मृत्यूचं स्वरूप म्हणून स्वीकारलेलं. शेवटच्या पुस्तकात कळतं की तो प्रदेश निसर्गाचा नाहीच. फार पूर्वी मांत्रिकांना अमर व्हायचं होतं, म्हणून त्यांनी ड्रॅगनांशी झालेला करार मोडून त्यांच्या वाट्याच्या पश्चिमेतला भूभाग चोरला आणि भिंत घातली. त्यांना अमरत्व मिळालं नाही. पण तेव्हापासून या बेटांवर मेलेला प्रत्येक कोळी, सुतार, बाळंतीण त्या कोरड्या भूमीत अडकून पडली. एका जादूचा दुष्परिणाम अख्ख्या समाजाचा परलोक होऊन बसला होता आणि लोक त्याला ‘असंच असतं’ म्हणत होते.

इथे मला रॉबर्ट जॉर्डन आठवतात. त्यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका १९९०मध्ये सुरू झाली. २००७ साली ते वारले आणि ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड पुरे केले, २०१३पर्यंत. त्या जगात जादूच्या शक्तीचे दोन अर्धे आहेत, स्त्रियांचा आणि पुरुषांचा. प्राचीन काळी पुरुष मांत्रिकांनी अंधाराच्या स्वामीला कोंडलं, त्याच्या प्रतिघातात पुरुषांचा अर्धा नासला. त्यांचा पुढारी वेडाच्या भरात स्वतःच्या बायकामुलांना मारतो, आणि त्याच्यासारख्यांच्या वेडानं जगाचा भूगोल बदलतो. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षं, ज्या मुलात ही शक्ती उपजत असेल तो वेडा होणार, अंग सडत जाणार. त्यानं काही केलेलं नसतं. सत्ताधारी स्त्रिया अशा पुरुषांना शोधून त्यांची शक्ती तोडतात, आणि तोडलेला माणूस जगण्याची इच्छाच गमावतो. जॉर्डन पसरट लिहितात, पानंच्या पानं उलटावी असं वाटतं. तरी हा एक विचार त्यांनी घट्ट धरला: आजोबा-पणजोबांच्या जादूचं देणं नातू-पणतूंच्या शरीरात जन्माला येतं.

एन. के. जेमिसिन यांचं ‘द फिफ्थ सीझन’ २०१५चं. त्यांच्या त्रयीतल्या तिन्ही पुस्तकांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाले, हे आधी कुणाला जमलं नव्हतं. तिथल्या खंडाला सतत भूकंप होतात. ते शमवण्याची शक्ती काही माणसांत जन्मजात असते. ती वापरताना आसपासची ऊब ओढली जाते, शेजारचं झाड, प्राणी, माणूस जागच्या जागी गोठतं. म्हणून लोक त्यांना घाबरतात, लहानपणीच मारतात किंवा राज्याच्या ताब्यात देतात. त्यांच्या शिस्तीची एक संस्था आहे, आणि जागोजागी भूकंप शमवणारी ठाणी आहेत. एका ठाण्यावर दोन प्रौढ मांत्रिक पोचतात, तिथे नेमलेला सेवक कोण हे त्यांना, म्हणजे आपल्याला, दिसतं: एक मूल. मेंदूची शस्त्रक्रिया करून इच्छाशक्ती काढून टाकलेलं, खुर्चीला बांधलेलं, नळ्यांवर जगवलेलं, फक्त धक्के शमवण्यापुरतं उरलेलं. शहरातली घरं उभी आहेत ती या मुलाच्या बळावर.

ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ले ग्विनबाईंच्या १९७३ सालच्या ओमेलासच्या कथेतही तळघरात एक मूल आहे, त्याच्या हालांवर शहराचं सुख उभं आहे. तिथे काही माणसं शहर सोडून जातात. जेमिसिन यांना ते पुरेसं वाटलं नाही, त्यांनी त्या कथेला कथेनंच उत्तर दिलं. माझा कौल जेमिसिन यांच्या बाजूनं आहे. ले ग्विनबाईंवरचं माझं प्रेम मी सांगितलं आहे, तरीही. सोडून जाणाऱ्याचं मन हलकं होतं, खुर्चीतलं मूल खुर्चीतच राहतं.

मराठी मातीशी नातं सांगणारं एक उदाहरण घेतो. २०१८ साली आलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, बीज नारायण धारपांच्या एका कथेचं, मुलूख कोकणाचा. धारपांनी मराठी वाचकाला भीतीची गोडी लावली, त्यांचं ऋण मान्य करूनच बोलायला हवं. चित्रपटात हस्तर नावाच्या लोभी देवाचं सोनं आहे, आणि त्याचा स्पर्श झालेली, मरण नसलेली, कुजत राहणारी एक म्हातारी आहे. चित्रपटाची चर्चा झाली ती लोभावर. मी पाहत होतो ती त्या घरातली बाई. म्हातारीला साखळीनं बांधून ठेवणं, वेळेवर खायला घालणं, ती जागी होऊ नये म्हणून जपणं, हे सगळं तिच्याकडे. सोनं हवं असणारे पुरुष वेगळे, आणि त्या सोन्याचा दुष्परिणाम रोज भरवणारी बाई वेगळी. आपल्या गावोगावच्या गुप्तधनाच्या कथांत ही बाई कुठे असते, ते शोधायला हवं. पायाळू माणसाला राबवण्याच्या, नरबळीच्या कथांत तर भार कुणावर टाकला गेला हे सांगावंच लागत नाही, आणि त्यातल्या काही कथा राहिलेल्या नाहीत, गुन्हे झाले आहेत. महाराष्ट्रानं २०१३ साली नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. कल्पित जगातल्या मंत्राचा भार कुणावर पडतो हे नीट पाहायला शिकलेला वाचक खऱ्या जगातल्या बुवासमोर बसला, तर तोच प्रश्न विचारेल अशी मला आशा आहे.

आता भार आपणहून उचलणाऱ्यांविषयी. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, १९५४-५५ सालच्या, फ्रोडो जादूची अंगठी नष्ट करण्याच्या कामी जातो, काम होतं, जग वाचतं. पण सहा ऑक्टोबरला झालेली खांद्याची जखम दर वर्षी त्याच दिवसाला उमळते. गावात त्याचा मान फारसा कुणी ठेवत नाही, आणि वाचवलेल्या गावात तोच राहू शकत नाही. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांतून परतलेल्या लेखकाला हे कुठून सुचलं, ते सांगायला नको.

ले ग्विनबाईंनी हाच प्रश्न आणखी पुढे नेला. १९७२च्या ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये अमरत्वाच्या हव्यासापायी एका मांत्रिकानं जीवन आणि मृत्यू यांमधलं दार उघडं टाकलेलं असतं, त्यातून जगातली जादू गळून चालली आहे, रंगारी रंग विसरतात, गायक गाणी विसरतात. महामांत्रिक झालेला गेड आपली सगळी शक्ती ओतून ते दार बंद करतो. बहुतेक लेखक इथे थांबले असते. ले ग्विनबाई अठरा वर्षांनी, १९९०मध्ये, ‘तेहानू’ घेऊन परतल्या, आणि त्यात गेड शक्तीवाचून घरी येतो. लाजतो, लोकांना टाळतो, डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो. अनेक वाचकांना हे आवडलं नाही, त्यांना आपला जादूगार परत हवा होता. मला वाटतं, किंमत खरी असेल तर ती परत मिळत नाही, आणि ले ग्विनबाईंनी ती शेवटपर्यंत परत दिली नाही.

‘द अदर विंड’मध्ये गेड म्हातारा आहे, घराभोवतीची बाग पाहतो. आल्डर नावाचा एक साधा मांत्रिक त्याच्याकडे येतो. मोडलेली भांडी सांधणं ही त्याची विद्या. त्याची बायको बाळंतपणात गेली आहे, आणि तेव्हापासून रोज रात्री स्वप्नात तो त्या दगडी भिंतीपाशी जातो, पलीकडून मेलेली माणसं त्याला हाका मारतात, सोडवा म्हणतात. झोपायची त्याला धास्ती. गेडजवळ आता मंत्र नाही, पण त्या भिंतीची माहिती त्याच्याइतकी कुणालाच नाही. तो निरखतो की झोपेत कुणाचा जिवंत स्पर्श असला तर आल्डर भिंतीपर्यंत जात नाही. म्हणून तो त्याला एक मांजराचं पिल्लू मिळवून देतो. आल्डर ते पिल्लू घेऊन पुढच्या प्रवासाला निघतो, ते त्याच्याजवळ झोपतं, आणि या उपायासाठी कुठल्याही दूरच्या बेटावरचा पाऊस थांबत नाही.